रेंज फुल, नेट गुल!

मेश वायफायचे तीन चकाचक डबे घरात आले, तरी आतल्या खोलीतला कॉल तुटतोच? चौथा डबा घ्यायला धावू नका. त्याआधी थोडी वायर ओढून बघा!

'हॅलो, माझा आवाज येतोय का?' हे आपल्या पिढीचं राष्ट्रीय वाक्य म्हणून जाहीर करायला हरकत नाही. २०२० च्या लॉकडाउनमध्ये ऑफिस घरात घुसलं. पुढे कंपन्यांनी सगळ्यांना परत बोलवायचा सपाटा लावला, तरी आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून काम हा प्रकार बऱ्याच ठिकाणी टिकला. साहजिकच घरातल्या नेटचं दुखणं आता 'वेब सीरिज अडकते' एवढ्यावर थांबत नाही. ते क्लायंट कॉलपर्यंत जातं, इंटरव्ह्यूपर्यंत जातं आणि कधीकधी थेट अप्रेझलपर्यंत पोचतं.

या दुखण्यावर बाजाराने काढलेलं औषध म्हणजे मेश वायफाय. हॉलमधल्या एकट्या राउटरने घसा फोडून ओरडण्याऐवजी घरभर दोन-तीन छोटे डबे ठेवायचे. सगळ्यांचं नाव एक, पासवर्ड एक. मोबाइल घेऊन किचनमधून बेडरूममध्ये गेलात की तो आपसूक जवळचा डबा पकडतो. २०१६ मध्ये अमेरिकेत 'ईरो' आला, वर्षाअखेरीस 'गूगल वायफाय' आला आणि राउटर म्हणजे शिंगं उगवलेला काळा खेकडा, ही समजूत मोडीत निघाली. आता आपल्याकडेही 'डेको'सारखे संच ऑनलाइन सहज मिळतात. पांढरेशुभ्र, गोंडस, शोकेसमध्ये गणपतीच्या मूर्तीशेजारी ठेवले तरी खपून जातील असे.

पण बॉस, जाहिरातीतल्या त्या हसऱ्या कुटुंबाला एक प्रश्न विचारायला हवा. आतल्या खोलीतल्या डब्याला इंटरनेट मिळतं कुठून? तर हवेतूनच! तो तुमच्या लॅपटॉपशी वायफायने बोलतो आणि हॉलमधल्या मुख्य डब्याशीही वायफायनेच बोलतो. या दुसऱ्या, पडद्यामागच्या रस्त्याला 'बॅकहॉल' म्हणतात. आपल्या सगळ्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा याच रस्त्यावर असतं.

मधल्या माणसाचे हाल

अशी कल्पना करा, की बाबा हॉलमध्ये आहेत, आई गच्चीत आहे आणि मधल्या खोलीत तुम्ही. बाबांचं म्हणणं आईला सांगायचं आणि आईचं बाबांना. आता अट अशी, की ऐकताना तुम्हाला बोलता येत नाही आणि बोलताना ऐकता येत नाही. शिवाय तुम्ही बोलत असताना घरात बाकी सगळ्यांनी गप्प बसायचं. एक निरोप पोचायला दुप्पट वेळ लागणार, हे सांगायला इंजिनीअर कशाला हवा?

वायफायचं नेमकं असंच आहे. एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं. मधला डबा मुख्य डब्याकडून डेटा घेतो आणि त्याच चॅनलवर पुन्हा तुमच्याकडे पाठवतो. म्हणजे तोच डेटा हवेतून दोनदा जातो आणि वेग साधारण निम्म्यावर येतो. डब्यामागे आणखी एक डबा, अशी साखळी लावली तर त्याच्याही निम्मा. महागड्या 'ट्राय-बँड' संचांमध्ये आपापसात बोलायला वेगळा रेडिओ राखून ठेवता येतो, त्याने फरक पडतोही. पण मधली भिंत काही तो रेडिओ पाडत नाही.

त्यात शेजारपाजारही आला. २.४ गिगाहर्ट्झच्या जुन्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनल्स मोजून तीन: १, ६ आणि ११. तुमच्या मजल्यावर चार फ्लॅट, वर चार, खाली चार आणि प्रत्येकाचा राउटर. भाजीमंडईत उभं राहून कानगोष्टी करण्यातलाच हा प्रकार. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा बराच मोकळा आहे, २०१८ मध्ये आपल्याकडे सरकारने त्याचा मोठा भाग परवानामुक्तही केला. पण ही लहर भिंतीपुढे लवकर दमते.

आणि सगळ्यात मोठी फसवणूक होते ती त्या वायफायच्या छोट्याशा पंख्यामुळे! मोबाइलच्या कोपऱ्यातला पंखा पूर्ण भरलेला दिसतो आणि आपण म्हणतो, 'रेंज तर फुल आहे.' अहो, ती रेंज तुमच्या मोबाइलपासून शेजारच्या डब्यापर्यंतची. तो डबा पुढे हॉलपर्यंत कसा पोचतोय, धापा टाकत की रांगत, हे तो पंखा सांगतच नाही. दाराशी रिक्षा उभी आहे म्हणून स्टेशनपर्यंतचा रस्ता मोकळा असेलच असं थोडंच आहे?

भिंतींना कान नसतात

आपल्याकडची घरं तर वायफायच्या जन्मावरच उठलेली. अमेरिकेतल्या बऱ्याच घरांत आतल्या भिंती लाकडी चौकटीवर ठोकलेल्या जिप्समच्या पातळ पाट्यांच्या असतात. तिथे दोन-तीन डब्यांत अख्खं दुमजली घर निघतं. आपल्याकडे कोकणातल्या घरात जांभ्याची जाडजूड भिंत, पुण्याच्या जुन्या इमारतीत विटांची आणि नव्या टॉवरमध्ये तर सरळ काँक्रीट.

हे नवे टॉवर जरा समजून घ्या, कारण आपल्यातले बरेच जण ईएमआय तिथेच भरतायत. सध्या मोठ्या प्रोजेक्टमध्ये 'मायवान' पद्धतीने बांधकाम होतं. अॅल्युमिनियमचे साचे उभे करायचे आणि स्लॅब, भिंती सगळं एकदमच सळयांसकट काँक्रीटमध्ये ओतायचं. बिल्डरचं काम झटपट होतं, भिंत सरळसोट येते, पण प्रत्येक खोली म्हणजे सळयांच्या जाळीचा पिंजरा होतो. वायफायला त्यातून आरपार जाणं जड जातं, ५ गिगाहर्ट्झला तर फारच. उघड्या दारातून आणि पॅसेजमधून जे काही झिरपेल तेवढंच आत पोचतं. दार लावलं की संपलं. 'दार लावल्यावरच कॉल तुटतो' असं कुणी म्हणालं तर हसू नका, ती व्यक्ती शंभर टक्के खरं बोलतेय.

याशिवाय घरोघरचे लोकल व्हिलन असतातच. गोदरेजचं कपाट (कुठल्याही कंपनीचं असलं तरी आपल्याकडे ते गोदरेजचंच), फ्रिज, भिंतभर आरसा, फिश टँक. आणि मायक्रोवेव्ह! तो २.४ गिगाहर्ट्झच्याच आसपास चालतो, त्यामुळे कुणी पोहे गरम करायला घेतले की जुन्या पट्ट्यावरचा कॉल अडखळू शकतो.

'मला तर नीट चालतंय!'

माझा दादा आणि वहिनी ठाण्यात घोडबंदर रोडला अशाच एका मायवान टॉवरमध्ये राहतात. एकोणिसावा मजला, थ्री बीएचके. फायबरवाला आला तेव्हा घरात फक्त आई होती. त्याने वायर दारातून आत घेतली आणि सगळ्यात जवळ पडेल तिथे, म्हणजे टीव्हीशेजारी, डबा ठोकून तो मोकळा झाला. आपल्याकडे घरात नेट कुठे बसणार, हे निम्म्या वेळा त्या माणसाच्या घाईवर ठरतं. मग हॉलला लागून असलेली खोली दादाने घेतली, कारण घरून काम त्याचं आधी सुरू झालं होतं. वहिनीच्या वाट्याला पॅसेजच्या टोकाची बेडरूम आली.

बाळ झाल्यावर वहिनीने अडीच वर्षं ब्रेक घेतला होता. नवी नोकरी लागली ती सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. तीन दिवस घरून, दोन दिवस ऐरोलीच्या ऑफिसात. क्लायंट ब्रिटनचे, त्यामुळे कॉल दुपारी सुरू होऊन रात्री नऊपर्यंत चालायचे. आणि नेमके तेव्हाच तुटायचे. दोन महिन्यांनी मॅनेजरची अतिशय गोड भाषेतली मेल आली: 'कनेक्टिव्हिटीचं बघून घ्या, नाहीतर रोज ऑफिसला येण्याचा विचार करावा लागेल.' पाळणाघर सातला बंद होतं. त्या मेलचा अर्थ काय, हे वहिनीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तीन डब्यांचा मेश संच त्यांनी आधीच घेतला होता. एक हॉलमध्ये, एक पिल्लूच्या खोलीत, एक वहिनीच्या टेबलावर. पंखा फुल. दादाचं ठाम मत होतं, की वहिनीचा लॅपटॉप जुना आहे. 'मला तर नीट चालतंय!' हे त्याचं वाक्य त्या शनिवारी मी किमान पाच वेळा ऐकलं. (चालणारच! मुख्य डबा त्याच्या टेबलापासून आठ फुटांवर!)

मग मी आणि वहिनीने एक साधा प्रयोग केला. तुम्हीही आज घरी करून बघा, फुकट आहे. लॅपटॉपवरून इंटरनेट तपासायचंच नाही, आपल्याच राउटरला 'पिंग' करायचं. त्याचा पत्ता बहुतेक १९२.१६८ ने सुरू होतो, वायफायच्या सेटिंगमध्ये 'गेटवे' म्हणून दिसतो. पिंग म्हणजे नुसतं 'आहेस का?' विचारायचं आणि उत्तर किती मिलिसेकंदांत आलं ते बघायचं. घरातल्या घरात हे उत्तर पटकन, आणि दर वेळी जवळपास सारख्याच वेळात यायला हवं. वहिनीच्या टेबलावर आकडे आले ५, ६, ४, ७. छान! मग पिल्लूने हॉलमध्ये टीव्हीवर कार्टून लावलं. १८०. ६. ४१२. मग उत्तरच नाही. परत ९.

घराबाहेरच्या इंटरनेटचा यात काडीचाही संबंध नव्हता. ३०० एमबीपीएसचा प्लॅन होता, तो दारापर्यंत व्यवस्थित येत होता. टीव्ही आणि वहिनीचा डबा हवेतला एकच रस्ता भांडून वापरत होते, एवढंच. व्हिडिओ कॉलला लागतात तीन-चार एमबीपीएस. स्पीड टेस्टवर वहिनीच्या खोलीत चाळीस येत होते, म्हणजे गरजेच्या दहापट! पण कॉलला सरासरी वेग पुरत नाही, त्याला एकसारखा वेग लागतो. अर्धा सेकंद डेटा रेंगाळला की आवाज रोबोसारखा होतो आणि समोरचा म्हणतो, 'सॉरी, यू आर ब्रेकिंग अप'. दादाने तेवढ्यात ५०० चा प्लॅन घ्यायचा प्रस्ताव मांडला. तो एकमताने (दोन विरुद्ध एक) फेटाळण्यात आला.

बुटांच्या कपाटावरचा डबा

उपाय होता वायरीचा. हॉलमधल्या मुख्य डब्यापासून वहिनीच्या डब्यापर्यंत लॅन केबल. बस्स. मग बॅकहॉल हवेतून जाणारच नाही. वहिनीचा डबा आपला सगळा वेळ फक्त वहिनीच्या लॅपटॉपसाठी वापरणार.

याचा एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही, म्हणून सांगते. बिनतारी मेशमध्ये डबा कधीही रेंज नसलेल्या खोलीत ठेवायचा नसतो. त्यालाच रेंज नसेल तर तो पुढे काय वाटणार, कपाळ? तो अर्ध्या वाटेवर, जिथे अजून बरी रेंज आहे अशा जागी ठेवावा लागतो. वायर असेल तर ही अट उडते. जिथे माणूस बसतो, त्याच खोलीत डबा ठेवा. दार खुशाल लावा.

पण मायवान भिंत फोडता येत नाही. सोसायटी परवानगी देत नाही आणि द्यायलाही नको, ती भिंत इमारतीचा भार पेलते. मग वायर नेणार कुठून? इथे सोसायटीच्या वायरमनने कमाल केली. दाराजवळ बुटांच्या कपाटावर एक पांढरं झाकण होतं, दादा इतकी वर्षं त्याला 'इंटरकॉमचं काहीतरी' समजत होता. आत बघतो तर प्रत्येक बेडरूममधून आलेल्या टेलिफोनच्या वायरी! बिल्डरने बेडशेजारी फोनचे पॉइंट दिले होते, भिंतीत पाइप टाकलेले होते आणि लँडलाइन कुणी घेतलीच नव्हती. तुमच्या घरातही असा डबा असण्याची शक्यता दाट आहे. वीजेच्या मेन बोर्डाच्या आसपास शोधा.

जुन्या टेलिफोन वायरीच्या टोकाला नवी कॅट-सिक्स वायर घट्ट बांधून पलीकडून ओढायची. एक जण ढकलणार, एक जण ओढणार. वहिनीच्या खोलीपर्यंतची वायर तासाभरात आली. पिल्लूच्या खोलीचा पाइप मात्र मध्येच सिमेंटने बुजलेला निघाला, तिथला डबा अजूनही हवेवरच आहे. चालतंय, पिल्लूला क्लायंट कॉल नाहीत.

एक गोष्ट वायरमनने स्वतःहून सांगितली आणि ती पक्की लक्षात ठेवा. २३० व्होल्टच्या वायरी ज्या पाइपमधून जातात, त्यातून लॅन वायर कधीही न्यायची नाही. सिग्नलला त्रास होतोच, पण मुख्य मुद्दा जिवाच्या धोक्याचा आहे.

आठ तारांची गोष्ट

सगळं जोडलं, स्पीड टेस्ट लावली. ९४. पुन्हा लावली. ९४. प्लॅन ३०० चा, वायर नवीकोरी आणि आकडा हट्टाने ९४ वर!

हा आकडा दिसला की एकच समजायचं. लॅन वायरीत आठ बारीक तारा असतात, चार जोड्या. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एखादी तार जॅकमध्ये नीट बसली नसेल तर दोन्हीकडची यंत्रं गुपचूप १०० वर तडजोड करतात आणि प्रत्यक्षात हाती ९४-९५ पडतात. वायर बसवणाऱ्या मुलाने सवयीप्रमाणे चारच तारा जॅकमध्ये दाबल्या होत्या. 'केबलला एवढ्या पुरतात मॅडम.' त्याला पुन्हा आठही तारा बसवायला लावल्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. आकडा गेला २८० च्या वर.

मग टीव्हीलाही मागून वायर लावली. तो भिंतीला लटकलेला, कुठे जाणार आहे? जे घरात जागचं हलत नाही, म्हणजे टीव्ही, डेस्कटॉप, गेमिंग कन्सोल, ते सगळं वायरवर टाकलं की हवा मोबाइल आणि लॅपटॉपसाठी मोकळी राहते. वायर, जॅक, पाच पोर्टचा गिगाबिट स्विच आणि मजुरी धरून चार हजारांच्या आत काम झालं. मेशचा संच बारा हजारांचा होता!

संध्याकाळी पुन्हा कार्टून लावलं, पुन्हा पिंग केलं. १, १, १, २, १. वहिनी त्या आकड्यांकडे बराच वेळ बघत होती. गेल्या महिन्यात ती कन्फर्म झाली. ते तिच्या कामामुळे, वायरीला त्याचं क्रेडिट द्यायचा माझा अजिबात विचार नाही. पण तिचं एक वाक्य डोक्यात राहिलं: 'आता कॉल तुटला तर तो माझ्यामुळे तुटला नाही, एवढं तरी मला माहीत असतं.'

दुकानात जाण्याआधी

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, दोन्हीकडे वायर मीटरवर मिळते. घरासाठी कॅट-फाइव्ह-ई सुद्धा पुरते, ती शंभर मीटरपर्यंत गिगाबिट देते. पण कॅट-सिक्सच्या किमतीत फार फरक नसतो, तेव्हा तीच घ्या. फक्त 'स्वस्तात देतो' म्हणणाऱ्याकडे तार ब्लेडने खरवडून बघा. वरून तांब्याची आणि आतून चांदीसारखी पांढरी निघाली तर ती अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली. लवकर तुटते, लांब अंतरावर दगा देते. भिंतीत घालायला तर नकोच नको. खिडकीबाहेरून किंवा एसीच्या पाइपच्या भोकातून न्यायची असेल तर बाहेर वापरायची काळी, जाड आवरणाची वायर मागा. साध्या वायरीचं आवरण उन्हाने तडकतं.

मेशचा संच नवीन घेत असाल तर प्रत्येक डब्याचा मागचा फोटो बघा. प्रत्येकाला लॅन पोर्ट आहे ना? असलाच तर गिगाबिट आहे ना? २०१९ मध्ये आलेल्या 'नेस्ट वायफाय'च्या जोड-डब्यांना वायरीचा पोर्टच नव्हता. काही स्वस्त संचांना १०० चेच पोर्ट असतात. तिथे कितीही भारी वायर ओढा, परत आपले तेच ९४.

जोडण्याचा क्रमही सांगते, कारण इथे जाम गोंधळ होतो. फायबरचा डबा, त्यानंतर मेशचा मुख्य डबा, त्यानंतर स्विच आणि स्विचमधून बाकीचे डबे. मुख्य डब्याला वगळून बाकीचे डबे थेट फायबरवाल्याच्या राउटरला जोडले तर बरेच संच गडबडतात. आणि त्या फायबरवाल्याच्या राउटरचं स्वतःचं वायफाय बंद करा, नाहीतर घरात दोन कारभारी होतात. तो आणि मेश दोघेही राउटरगिरी करत असतील तर एकाला गप्प बसवावं लागतं. फायबरच्या डब्याला 'ब्रिज मोड'वर टाका, किंवा मेशला 'अॅक्सेस पॉइंट मोड'वर. कस्टमर केअरला फोन लावून पहिलं सांगितलंत की 'आम्हाला कळत नाही हो' म्हणतील, तेव्हा दुसरं करा. ते मेशच्या अॅपमध्ये तुमच्याच हातात असतं.

लाइट गेल्यावर काय, हेही आधीच बघा. मिनी यूपीएस फक्त फायबरच्या डब्याला लावून भागत नाही. मुख्य डबा, स्विच आणि आतला डबा, साखळीतलं प्रत्येक यंत्र चालू राहायला हवं. स्विच विसरला तर वायर मुकी. बरेच संच अशा वेळी आपोआप हवेच्या रस्त्यावर परत येतात, पण तोपर्यंत दहा-वीस सेकंद गेलेले असतात आणि तुमचं प्रेझेंटेशनही.

एक जाता जाता. 'इथरनेट' हे नाव आलंय त्या 'ईथर'वरून, ज्यातून प्रकाश प्रवास करतो असं एकोणिसाव्या शतकातले शास्त्रज्ञ मानायचे. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ यांनी हे मांडलं, तेव्हा त्यांच्यासमोर नमुना होता हवाई बेटांना रेडिओने जोडणाऱ्या 'अलोहानेट'चा. म्हणजे आपली ही वायर रेडिओकडून शिकून आली आणि आता रेडिओच्याच मदतीला धावतेय!

भाड्याच्या घरात

'हे सगळं ठीक आहे, पण आम्ही भाड्याने राहतो. खिळा ठोकला तरी डिपॉझिटमधून कापतात.' बरोबर आहे. मी स्वतः कोथरूडला दोन रूममेट्सबरोबर भाड्याने राहते. आमचा तळमजला, वर घरमालक काका-काकू. ड्रिलचा आवाज आला असता तर काका पुढच्या मिनिटाला दारात.

अशा घरात चपटी लॅन वायर कामाला येते. ती जाडीला पुठ्ठ्याएवढी असते, दाराच्या फटीतून, स्कर्टिंगच्या कडेने, गालिच्याखालून सरळ जाते. काटकोनात करकचून दुमडायची नाही, कोपऱ्यात थोडं गोलसर वळण द्यायचं आणि दर दोन फुटांवर चिकटणारी क्लिप. आणखी नीटनेटकं हवं असेल तर इलेक्ट्रिशियन वापरतात ती प्लॅस्टिकची केसिंग पट्टी घ्या. दुहेरी टेपने चिकटते, घर सोडताना हळूच निघते.

वायर अजिबातच शक्य नसेल तर 'पॉवरलाइन अडॅप्टर' नावाची जोडी मिळते. एक डबा हॉलच्या सॉकेटला, दुसरा आतल्या खोलीत, आणि डेटा घरातल्या वीजेच्या तारांमधूनच जातो. ऐकायला जादू वाटते, पण घरचं वायरिंग जुनं असेल तर वेग बराच खाली येतो. मोठ्या फ्लॅटमध्ये थ्री फेज जोडणी असेल आणि दोन सॉकेट वेगवेगळ्या फेजवर असतील तर ते एकमेकांशी बोलायलाच नकार देऊ शकतात. शिवाय ते थेट भिंतीतल्या सॉकेटला लावायचे, स्पाइक बस्टरला नाही. म्हणून विकत घेण्याआधी कुणाकडून तरी उसने आणून दोन दिवस वापरून बघा, किंवा परत करता येतील अशाच ठिकाणाहून घ्या.

आमच्याकडे चपटी वायर लागली. पंधरा मीटर, हॉलपासून मागच्या खोलीपर्यंत, एका रविवारी दुपारी. आमच्यातली जी मागच्या खोलीत राहते ती रात्रपाळी करते, तिला हॉलमधून कॉल घ्यायला लागायचा आणि आम्ही दोघी अंधारात चोरपावलांनी पाणी प्यायला जायचो. ते थांबलं. संध्याकाळी काका पाण्याची टाकी बघायला खाली आले. दारातली पट्टी त्यांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. वाकून बघितली, बोटाने दाबून बघितली. आम्ही तिघी श्वास रोखून उभ्या.

'काय गं, आमच्या देवघरामागच्या खोलीत नेट येत नाही,' काका म्हणाले. 'तिथपर्यंत असली पट्टी साधारण किती मीटर लागेल?'